‘येते’ म्हणजे

दार उघडलं नाही, एवढंच झालं. दार तरी कसलं, कंबरेएवढ्या उंचीचे तीन दांडे. शेजारच्या खांबाला गळ्यातलं कार्ड टेकवलं की ते अंग चोरून फिरत आणि माणसाला आत घेत. इतकी वर्षं रोज घेत होते. त्या सकाळी मात्र कार्ड टेकवल्यावर हिरवा लागायचा तिथे लाल दिवा लागला, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा लाल चांगला नाही. वीट उगाळून पाण्यात कालवावी तसा. आळशी, नारिंगीकडे कललेला, ज्याला थांबवायचं त्याच्याकडे धड बघतही नाही असा. रंगाच्या कारखान्याने स्वतःच्या फाटकावर असला लाल लावावा, याची तिला जागच्या जागी लाज वाटली. आपल्याला आत घेत नाहीत, हे नंतर ध्यानात आलं. तिने कार्ड बाहीला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा वीट.

“बाई, तुम्ही नाही आहात,” पहारेकरी म्हणाला.

“मी इथे उभी आहे.”

“ते मला दिसतंय हो. मशीनला दिसत नाही.”

“मग आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.”

“ठेवला असता, पण माझी हजेरीही तेच मांडतं.” त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली, माणसाला काही वाईट सांगायचं असलं की सरकवतात तशी. “बसा जरा. वरनं फोन होता. तुम्ही काल काम सोडलंत म्हणे.”

“मी?”

“असं म्हणाले बुवा. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

ती बसली. खुर्ची पहारेकऱ्याच्या अंगाने बनलेली होती, मधोमध खोलगट. दुसऱ्याच्या खळग्यात बसल्यावर माणूस जितका परका वाटतो तितकी ती स्वतःला परकी वाटली, आणि समोरून सगळा कारखाना हिरवा दिवा लावत लावत आत गेला. गोदामातले, डबे बांधणाऱ्या मुली, हिशेबनीस, चहावाला. प्रत्येकाने तिच्याकडे पाहून मान हलवली आणि पाऊल थोडं हलकं टाकलं. कुणी थांबलं नाही. मयताच्या दारावरून जाताना लोक आवाज कमी करतात, पण चाल कमी करत नाहीत. उलट थोडी वाढवतातच. आतल्या आत तिला एक गोष्ट मात्र लख्ख कळत होती, आणि ती कळल्यामुळे, एवढ्या तमाशातही, तिला भीती वाटत नव्हती. तिने काम सोडलेलं नव्हतं. तिच्या चपला आत होत्या.

काल काय झालं होतं? काही नाही. भांडण झालं होतं. पण भांडण म्हणजे काही होणं नव्हे, तिथल्या कामाचा तो भागच होता. ती छटा बघायची. कारखान्यात तिला छटाबाई म्हणत, आणि नव्या माणसाला ते तिचं आडनाव वाटे. तिची खोली वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीची. कारण उत्तरेकडून येणारा उजेड खोटं बोलत नाही. भिंती राखाडी, टेबल राखाडी, आत शिरताना अंगावर चढवायचा कोट राखाडी, म्हणजे तिच्या कपड्यांचा रंग समोरच्या रंगात शिरायला नको. बाहेरची धूळ नको म्हणून चपलाही आतल्या वेगळ्या. त्या राखाडीत ती दिवसभर बसे आणि खालून आलेले रंगवलेले पत्रे एकामागून एक खिडकीशी धरून म्हणे, “हो,” किंवा म्हणे, “नाही.” ती नाही म्हणाली की खालचं पिंप परत ढवळलं जाई. थोरल्या साहेबांनी तिला नोकरीवर घेतलं तेव्हा दोन पांढरे पत्रे समोर ठेवून विचारलं होतं, यातला थंड कुठला? तिने तिसऱ्याकडे, टेबलाच्या कडेला विसरलेल्या पत्र्याकडे, बोट दाखवून म्हटलं होतं, हा. थोरले साहेब हसले आणि म्हणाले, “ही बाई ठेवा.” फुलदाणी ठेवा म्हणावं तसं; आणि ती राहिली.

थोरले साहेब आता गुडघ्यांमुळे घरी असत. त्यांच्या खुर्चीवर धाकटे साहेब होते, त्यांचे चिरंजीव. आणि धाकट्या साहेबांच्या खुर्चीवर, म्हणजे ते जिथे बसतील तिथे शेजारी, रंग तपासायचं मशीन असे. चपलांच्या खोक्याएवढं, पत्र्यावर टेकवलं की पाय टेकलेल्या पाखरासारखं एकदा चिवचिवायचं आणि सांगायचं, चालेल किंवा चालणार नाही. वाईट नव्हतं ते. तिचं आणि त्याचं बहुतेक वेळा एकमतच होई, आणि त्याने ‘चालेल’ म्हटलं की तिला आपला मुद्दा पटलेल्या विद्यार्थ्याबद्दल वाटावं तसं वाटे. काल मोतिया पांढऱ्याची बॅच आली. मशीन चिवचिवलं, चालेल. ती म्हणाली, नाही.

“काय नाही?”

“हिरवा गेलाय आत.”

“कुठे आहे हिरवा? दाखवा.”

“दाखवायचा काय त्यात? दिसतोय.”

“मला दिसत नाही, बाई.”

“म्हणून तर मला ठेवलंय.”

धाकट्या साहेबांनी मशीन पुन्हा टेकवलं, मग उलटं करून टेकवलं. “मशीन हो म्हणतंय.”

“मग सही त्याचीच घ्या.”

तेव्हा ते म्हणाले होते, अगदी शांतपणे, हातातल्या फोनकडे बघत, “तुमच्यावाचून इथलं काही अडत नाही.” हे वाक्य तिने आयुष्यात पुष्कळांच्या तोंडून पुष्कळांना म्हटलेलं ऐकलं होतं, आणि ज्यांचं खरोखर अडत नाही ते असं म्हणत नाहीत हेही तिला ठाऊक होतं. तिने दिवा बंद केला. कोट खुंटीला लावला. आतल्या चपला टेबलाखाली सरकवल्या, बाहेरच्या पायात घातल्या. दाराशी वळून म्हणाली, “बरं. येते मी.” आणि मग.

आणि मग काय, हे तिला आठवत नव्हतं. जिना आठवत होता, जिन्याच्या वळणावरचा तो पिवळा पोपडा आठवत होता. पण ‘येते मी’ आणि जिना यांच्यामध्ये एक कोरी जागा होती, कुंचला टेकायचा राहून गेलेली. तिथे काहीतरी होतं. एखादा आवाज, किंवा एखाद्या आवाजाची पाठ.

परत कामावर घ्यावं म्हणून तिने न्यायालयात अर्ज केला. कंपनीचं म्हणणं तिथे दाखल झालं तेव्हा नवऱ्याने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्याने वाचून दाखवलं. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता, आणि कुठलाही मजकूर वाचताना त्यातली दिशा शोधायची त्याला सवय होती. “‘अर्जदार यांनी येते मी असे स्पष्ट व निःसंदिग्ध शब्दांत सांगून कंपनीचा कायमचा निरोप घेतला, व कंपनीच्या मालकीचा कोट खुंटीवर परत केला.’ अगं, खुंटीवर परत केला! मग मी रोज संध्याकाळी घरी आल्यावर सदरा कुणाला परत करतो?”

“मला. धुवायला.”

“चपलांबद्दल काही लिहिलं नाही यांनी.”

“चपला माझ्या आहेत. त्यांना परत करता येत नाहीत.”

तो हसला, मग हसायचा थांबला आणि म्हणाला, “पण एक आहे. ‘येते’ म्हणजे आपण ‘जाते’च म्हणतो, नाही का?”

ती भांडं पुसत होती, पुसत राहिली. खरं होतं ते. आई उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, जाते म्हणू नये, येते म्हणावं. आणि घरातल्याने मागून ये म्हणावं, नाहीतर शब्द दारातच अडकून राहतो. वडील मुद्दाम “जातो” म्हणत. शब्दाने कोणी मरत नाही, असं त्यांचं मत होतं. आणि जातो जातो म्हणून ते रोज संध्याकाळी बिनचूक परत येत, हातात भाजीची पिशवी घेऊन, आईचा सिद्धांत खोटा पाडत. उलट दादा विमानतळावर “येतो” म्हणाला तो अजून येतोच आहे. दर फोनला येतो. तिने एकेकाळी विचार केला होता की या भाषेला जाणं कळतच नाही, निदान तोंडावर कबूल करायला ती तयार नाही. दिवस गेले म्हणायचं आणि मूल येतं. वीज गेली की लोक ‘आली का?’ विचारतात. डोळे आले म्हणजे बिघडले. छटाबाईचे एकदा आले होते आणि थोरल्या साहेबांनी अख्ख्या कारखान्याला सुट्टी दिली होती. अशा भाषेत एका बाईने दारात उभं राहून ‘येते’ म्हटलं, तर ती नेमकी कुठल्या बाजूला निघाली आहे, हे ठरवायला आता सरकारने एक न्यायाधीश, एक टंकलेखिका आणि एक पंखा नेमला होता.

आतेभाऊ वकील होता. त्याने कागद चाळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रेमाने म्हणाला, “सोपं आहे. तू काही म्हणालीच नाहीस.”

“म्हणाले की.”

“अगं, तोंडी होतं ना? तिथे तू आणि तो, दोघंच. तो म्हणतो म्हणालीस, तू म्हण नाही म्हणाले. शब्दाला शब्द. मग आपण कोट, चपला, इतक्या वर्षांची नोकरी, सगळं रीतसर मांडू. ते तडजोडीला येतील, तू काय मिळेल ते घेऊन मोकळी हो.”

“मला मोकळं व्हायचं नाहीये. मला परत जायचंय.”

“तिथे?” आतेभाऊ खरोखर चकित झाला. “अगं बाई, लोक सुटायला खटले भरतात.”

“मोतिया पांढरा गेला असेल बाहेर आतापर्यंत. लोकांनी भिंतींना लावला असेल. कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत हिरवट उजेड पडत असेल आणि त्यांना वाटत असेल, आपल्यालाच बरं नाही.”

आतेभावाने चष्मा परत डोळ्यांवर आणला. “हे बघ, हे तिथे बोलू नकोस. आणि वकील मी राहणार असेन तर तू म्हणालीच नाहीस. म्हणाली असशील तर वकील तूच.”

“चालेल.”

“चालेल काय? स्वतःचा खटला स्वतः चालवणं म्हणजे आरशात बघून स्वतःचे केस कापणं. मागचं दिसत नाही.” पण तो मनाचा चांगला होता, म्हणून दारापर्यंत सोडायला आला आणि एक गोष्ट फुकट दिली. “उलटतपासणीत ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, असा प्रश्न विचारायचा नाही. कधीच नाही.” ती म्हणाली, “बरं, येते.” आतेभाऊ म्हणाला, “ये.” मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आतेभाऊ म्हणाला, “इथे ठीक आहे, तिथे जीभ सांभाळ.”

नवऱ्याने घरी तयारी करून घेतली. जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे बसून तो धाकटे साहेब झाला, आणि पहिल्या दिवसापासून इतका वाईट धाकटा साहेब झाला की तिला खऱ्याची कणव यायला लागली. तो मिश्या नसताना मिश्या पिळायचा. तो म्हणायचा, “हो, मी दुष्ट आहे, पुढे विचार!” ती म्हणाली, असं कुणी म्हणत नाही. तो म्हणाला, मग खऱ्याला कसं हरवणार, तो तर चांगलंच बोलेल. हे मात्र त्याचं बरोबर होतं. धाकटे साहेब वाईट नव्हते. थोरल्यांच्या घरात वाढलेला मुलगा. जिन्यावर वडील माणूस दिसलं की बाजूला होणारा, चहा आला की आधी दुसऱ्याकडे सरकवणारा. चांगल्या वळणाची माणसं जेव्हा अन्याय करतात तेव्हा तो इतक्या हलक्या आवाजात करतात की आपल्यालाच पुन्हा विचारावं लागतं, काय म्हणालात? त्या कोऱ्या जागेत तो हलका आवाज होता, असं तिला राहून राहून वाटे. ती झाडणी हातात घेऊन थांबे, जिना, पोपडा, त्याच्या अलीकडे. आणि तिथे पोचायच्या आत जागा पुन्हा पांढरी होऊन जाई. हिरव्याचा अंशही नसलेली, पक्की पांढरी.

न्यायालयाच्या खोलीत तिला बसायला लाकडी बाक मिळाला आणि बघायला एक ठिगळ. न्यायाधीशांच्या डोक्यामागे भिंत कधीतरी ओली झाली असावी. तेवढा भाग नंतर रंगवला होता, आणि तो कुणीतरी डब्यावरचं नाव वाचून आणला होता, भिंत बघून नाही. न्यायाधीशांना सर्दी होती. ते मधूनमधून रुमालात शिंकत आणि शिंकेनंतर प्रत्येक वेळी ठिगळाच्या वेगळ्या भागासमोर स्थिरावत. “तुमचे वकील?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “मीच.” त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं घरच्या घरी दात काढायला निघालेल्या माणसाकडे पाहतात. पण त्यांनी तसंच लिहून घेतलं, आणि तिला हा माणूस आवडला.

कंपनीचे वकील उंच होते आणि त्यांचा डगला धुऊन धुऊन काळा राहिलेला नव्हता, खोल जांभळा झाला होता. त्यांनी जाडजूड कागद समोर लावून ठेवले होते. ती नाकारणार, मग एकेक कागद निघणार, अशी ती मांडणी होती.

“तुम्ही ‘येते मी’ असं म्हणालात, हे खरं आहे का?”

“खरं आहे.”

कागदांवरचा हात कागदांवरच राहिला. “म्हणालात?”

“हो. रोजच म्हणते.”

“रोजचं सोडा. त्या दिवशीचं बोला. ‘येते’ म्हणजे आपण काय समजतो? जाते. बरोबर?”

“आत्ता जाते, पण येते.”

“एका वेळी दोन्ही कसं करता येईल, बाई?”

“सवय लागते.”

न्यायाधीश शिंकले किंवा हसले. रुमालामुळे कळलं नाही. वकिलांनी मात्र आता कागद बाजूला केले, दोन पावलं जवळ आले, आणि आवाजाची पट्टी खाली आणली. पिंप हलकं ढवळतात तेव्हा तळाचं वर येतं, ती त्यांची रीत असावी. “ठीक आहे. शब्द बाजूला ठेवू. तुम्ही शपथेवर आहात. दाराशी उभं राहून तुम्ही ‘येते’ म्हणालात, त्या क्षणी, तुमच्या मनात परत यायचं होतं का?”

उत्तर एका अक्षराचं होतं. हो. आतेभावाने सांगितलं असतं, नवऱ्याने सांगितलं असतं, ठिगळानेही सांगितलं असतं. पण तिला तो जिना आठवला. खाली उतरताना तिचे पाय किती हलके होते, ते आठवलं. शाळा सुटल्यावर असतात तसे. उत्तरेची खिडकी गेली खड्ड्यात, असं ती पायरीपायरीला म्हणत होती. उद्यापासून मी रंगीत कपडे घालीन, लाल घालीन, जांभळा घालीन, डोळे मिटून बसेन, जगातले सगळे पांढरे एकमेकांत मिसळले तरी बघणार नाही. वळणावरच्या पोपड्याला तिने नखाने उचकटलं होतं, मुद्दाम. रस्त्यावर आल्यावर समोरच्या दुकानाची नवी पाटी बघून तिच्या मनात आलं होतं, हा निळा दोन उन्हाळे टिकणार नाही. आणि मग, उद्या खालच्यांना सांगायला हवं. त्या ‘उद्या’पाशी ती परत आलेली होती. पण तो रस्ता होता. दार नव्हे. आणि ती आयुष्यभर एवढ्याच कामाचा पगार घेत आली होती, की जवळजवळ बरोबर असलेल्या गोष्टीला हो म्हणायचं नाही.

“नाही,” ती म्हणाली.

टंकलेखिकेची बोटं टकटकली. जांभळ्या डगल्याच्या वकिलांनी विजयी माणसासारखी मान हलवली. पण ते नुसतेच विजयी नव्हते, थोडे ओशाळलेही होते. इतकं सहज मिळालेलं कुणालाच पचत नाही. मागच्या बाकावर नवऱ्याने दोन्ही हातांनी डोकं धरलेलं तिला न बघता दिसलं.

“मला पुढे बोलायचंय,” ती न्यायाधीशांना म्हणाली.

“बोला.”

“साहेब, त्या दिवशी माझ्या मनात परत यायचं नव्हतं. आदल्या दिवशीही नव्हतं. संध्याकाळी कामावरून निघताना कुणाच्या मनात दुसऱ्या दिवशी यायचं असतं? माझ्या तर निम्म्या संध्याकाळी नसतं. म्हणून तर ‘येते’ म्हणायचं. मनात काय आहे ते सांगायचं असतं, तर ‘जाते’ म्हटलं असतं, किंवा आणखी काही, जे इथे लिहून घेता येणार नाही. मनाचं काय, ते पायऱ्या उतरेपर्यंत बदलतं. शब्द दिलेला असला की सकाळी उठून त्याच्या मागे जाता येतं. मी सकाळी गेले होते. दारच उघडलं नाही.”

पंखा फिरत होता. न्यायाधीशांनी आपल्या टेबलाकडे पाहिलं. आपण स्वतः रोज संध्याकाळी या खोलीतून काय म्हणून निघतो, ते आठवत असावेत. मग टंकलेखिकेला म्हणाले, “‘किंवा आणखी काही’, इथपर्यंत घेतलंत ना? पुढचंही घ्या.”

बाहेर नवरा म्हणाला, “हरवलंस आपल्याला.” मग थोडं चालल्यावर म्हणाला, “पण निम्म्या संध्याकाळी नसतं, हे मला कधी सांगितलं नाहीस.” ती म्हणाली, “तुम्ही कधी विचारलं नाहीत.” तो म्हणाला, “मग घरी यायचं तरी असतं का?” ती म्हणाली, “येते ना.” यावर त्याने चार पावलं चालून समाधानाने मान हलवली.

पुढच्या तारखेला धाकटे साहेब पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांनी तिला पाहून सवयीने नमस्कार केला, मग आपण कुठे आहोत ते आठवून हात खाली घेतले. तिनेही नमस्कार केला. सदरा मोतिया पांढऱ्याचाच होता, जुन्या, चांगल्या बॅचसारखा. त्यांना तो शोभत होता, आणि तिला एकदम वाटलं, हा लहान असताना मी याला पाहिलंय. थोरल्या साहेबांचं बोट धरून छटेच्या खोलीत आला होता, आणि दारात चपला काढायला कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

“मी रोज संध्याकाळी निघताना काय म्हणायचे?” तिने विचारलं.

“येते मी, म्हणायच्या.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“यायच्या.”

“म्हणजे मी रोज राजीनामा द्यायचे, आणि तुम्ही रोज नामंजूर करायचात?”

कुणीतरी हसलं. वकील उठले, न्यायाधीशांनी त्यांना रुमालाने बसवलं. पण धाकटे साहेब गडबडले नाहीत, ते शिकवून आणलेले होते. “रोजचं वेगळं, बाई. त्या दिवशी तुमचा सूर वेगळा होता.”

“किती वेगळा?”

“म्हणजे... थोडा. पण वेगळा होता.”

“मोठ्याने होता?”

“नाही. रोजच्यासारखाच.”

“लांबवून?”

“नाही. शब्द तेच, आवाज तेवढाच. पण त्यात काहीतरी होतं. माणसाला कळतं ते.”

“मला कळलं नाही. दाखवा.”

“दाखवणार कसं? जाणवलं.”

खोलीत कुणालाच काही विशेष झालं असं वाटलं नाही. आणि धाकट्या साहेबांच्या कानाच्या पाळ्या मात्र हळूहळू लाल व्हायला लागल्या, चांगला, स्वच्छ, कशाकडेही न कललेला लाल. तिला हवं असतं तर तिने विचारलं असतं, की मशीन लावलं होतं का. ओठांवर होतं. पण ते एकट्या त्यांच्याशी विचारण्याचं होतं, उत्तरेच्या उजेडात, आणि तिथे परत गेल्यावर विचारायचं तिने राखून ठेवलं. आपण ‘परत गेल्यावर’ असा विचार करतो आहोत, हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच गंमत वाटली.

मग तिने तो प्रश्न विचारला, जो विचारायचा नव्हता.

“मी ‘येते मी’ म्हणाले. त्यावर तुम्ही काय म्हणालात?”

धाकटे साहेब थांबले. त्यांच्या कपाळावर आठी उठली, ती खोटं शोधणाऱ्याची नव्हती. हरवलेली किल्ली शोधणाऱ्याची होती. म्हणजे त्यांच्याकडेही ती जागा कोरीच आहे की काय, असं तिला वाटलं. त्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी पापणीही हलवली नाही, आणि ते पुरेसं होतं.

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“नाही. मी गप्प होतो. तुम्ही निरोप घेतलात, मी... मी कशाला काही म्हणेन?”

आतेभाऊ मागे कुठेतरी येऊन बसला होता. त्याने घसा खाकरला, सांगितलं होतं अशा अर्थी. ती खाली बसली. तिला हरल्यासारखं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. गप्प होते हे खरं नाही, एवढं तिला आता पक्कं कळलं होतं. खालून पत्रा यावा, सगळे म्हणावेत बरोबर आहे, आणि आपल्याला अजून कुठला रंग ते सांगता येऊ नये, पण आत काहीतरी शिरलंय हे कळावं, तसं. अशा वेळी घाई करायची नसते. पत्रा खिडकीशी धरून ठेवायचा असतो, हात न हलवता.

न्यायाधीशांनी कागद एकावर एक ठेवले. “निकाल पुढच्या तारखेला. दोघांना आणखी काही सांगायचंय?” वकील म्हणाले, नाही. ती म्हणाली, “माझ्या चपला आत आहेत, तेवढ्या फेकू नका म्हणावं.” न्यायाधीश म्हणाले, “फेकणार नाहीत.” आणि पुढच्या खटल्याचे कागद ओढले. धाकटे साहेब पिंजऱ्यातून उतरून आपल्या बाकावर बसले, सुटका झालेल्या माणसासारखं त्यांनी खिशातून फोन काढला आणि मान खाली घातली. टंकलेखिका मान मोडत होती. नवरा छत्री शोधत होता. खोलीत ती वेळ झाली होती, जी प्रत्येक कचेरीत रोज एकदा होते, जेव्हा काम संपलेलं असतं आणि माणसं अजून उठलेली नसतात.

ती पिशवी उचलून दाराशी गेली, वळली, आणि जीभ सांभाळ म्हणून सांगितलेलं असूनही, खरं तर त्याचा विचारही मनात न येता, इतक्या वर्षांच्या संध्याकाळी जसं तोंडातून निघे तसं निघालं.

“बरं. येते मी.”

“या,” धाकटे साहेब म्हणाले.

फोनमधून मान वर न काढता. हलक्या, चांगल्या वळणाच्या आवाजात. वडील माणूस उंबऱ्याशी उभं असताना त्यांच्या घरी लहानपणापासून म्हणत आले असतील तसं. आणि तिच्या डोक्यातली ती कोरी जागा एकदम भरून आली. दिवा बंद, खुंटीवर कोट, टेबलाखाली चपला, खाली घातलेली ती मान, आणि पाठीमागून तेच अक्षर, त्याच छटेचं, अंशानेही वेगळं नाही. या.

जांभळ्या डगल्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. धाकट्या साहेबांनी मान वर केली तेव्हा सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती, आणि आपण काय म्हणालो ते त्यांनाच सर्वांत शेवटी कळलं.

न्यायाधीशांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, बाजूला सारलेले तिचे कागद पुन्हा पुढे ओढले, आणि टंकलेखिकेला म्हणाले, “हेही घ्या.”